चीनमधील वेश्याव्यवसाय : सामाजिक व कायदेशीर स्थिती

चीनच्या मुख्य भूमीवर पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे आणि पैसे देऊन तो विकत घेणे या दोन्ही कृती बेकायदेशीर आहेत. मात्र एरवी त्या फौजदारी गुन्हा ठरत नाहीत. विकणारी व्यक्ती व गिऱ्हाईक यांच्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याखाली पोलीसच कारवाई करतात, शिक्षाही तेच ठरवतात. न्यायालयात खटला उभा राहत नाही. फौजदारी संहिता लागू होते ती धंदा चालवणारे, त्यासाठी बळजबरी करणारे, जागा देणारे व दलाली करणारे यांना. या दुहेरी रचनेमुळे संबंधित स्त्रियांचे रोजचे जगणे कायद्याच्या कलमांपेक्षा स्थानिक पोलीस ठाण्याच्या मर्जीवर अधिक अवलंबून राहते. हाँगकाँग, मकाव व तैवान येथील कायदे निराळे असून त्यांचा विचार नोंदीच्या शेवटी केला आहे.

उगमाचा वाद : शासकीय कुंटणखान्यांचे श्रेय परंपरेने छी राज्याचा प्रधान ग्वान जोंग (मृ. इ.स.पू. ६४५) याला दिले जाते. राजा ह्वान (कार. इ.स.पू. ६८५–६४३) याच्या काळात त्याने स्त्रियांच्या ७०० आळ्या वसवल्या, त्यांवर कर बसवला आणि ते उत्पन्न लष्करासाठी वापरले, अशी ही कथा आहे. पुढे काही ठिकाणी तो या व्यवसायाचा दैवत म्हणूनही पुजला गेला. यावरून ‘जगातील पहिला सरकारी कुंटणखाना चीनमध्ये निघाला’ असे विधान आधुनिक लेखनात वारंवार येते. त्याचा मूळ आधार मात्र तोकडा आहे. युद्धमान राज्यांविषयीच्या, हान काळात संपादित झालेल्या आख्यायिकांत एवढेच म्हटले आहे, की ह्वानच्या राजवाड्यात सात बाजार व स्त्रियांच्या ७०० आळ्या होत्या आणि प्रजा त्याला नावे ठेवीत असे. तेथे कराचा किंवा सैन्याचा उल्लेख नाही. ग्वान जोंगही आळ्यांचा संस्थापक म्हणून येत नाही. उलट राजावरचा दोष आपल्यावर ओढून घेण्यासाठी त्याने स्वतःचे डामडौल वाढवले, असा प्रसंग आहे. हान फेई (मृ. इ.स.पू. २३३) याच्या नावावरील लेखनात हाच आकडा दोन बाजार व २०० असा येतो. ‘आळी’ हे मोजमाप प्राचीन शासनग्रंथांप्रमाणे २५ कुटुंबांचे धरले, तर ७०० आळ्या म्हणजे १७,५०० कुटुंबे होतात. राजवाड्याच्या आवारात ती मावणे शक्य नाही. म्हणून तो शब्द तेथे नुसत्या ‘दारा’च्या अर्थाने घ्यावा लागतो. करवसुलीचा तपशील मिंग काळाच्या अखेरच्या व छिंग काळाच्या टिपणांत, म्हणजे घटनेनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी दिसतो. त्यामुळे ही कथा राजाच्या अंतःपुराच्या चैनीविषयीची असून पुढील काळातील शासकीय व्यवस्थेचे प्रतिबिंब तिच्यावर पडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शांग काळातील देवळांतल्या स्त्री-मांत्रिकांपासून या व्यवसायाचा आरंभ झाला, असे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले गेले. ते मुख्यतः पश्चिम आशियाच्या तुलनेवर उभे आहे. हाडांवरील कोरीव लेखांत त्याला थेट पुरावा नाही. हान सम्राट वू (कार. इ.स.पू. १४१–८७) याने छावण्यांत अविवाहित सैनिकांसाठी स्त्रिया ठेवल्या, हे विधानही बऱ्याच नंतरच्या कोशांतून आलेले आहे.

तांग ते मिंग : तांग काळापासून पुरावा भक्कम होतो. राजधानी छांगआनच्या फिंगखांग वस्तीचे इ.स. ८८४ च्या सुमाराचे एक तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे. तेथील गणिका ‘मानलेल्या आई’च्या, म्हणजे मालकिणीच्या ताब्यात असत आणि त्यांना वस्तीबाहेर सहजी पडता येत नसे. जवळच्या बौद्ध विहारात महिन्यातील ठरलेल्या दिवशी प्रवचन असे. त्याला जाण्यासाठीही प्रत्येकीला मालकिणीकडे हजार नाण्यांची एक माळ भरावी लागे. काव्य, गायन व मद्यपानाच्या खेळांतील हजरजबाबीपणा यांवर त्यांची प्रतिष्ठा ठरे. श्वे थाव (मृ. सु. ८३२) ही या वर्गातून पुढे आलेली नामवंत कवयित्री होय.

सुंग काळात खायफंग व हांगजो येथे करमणुकीच्या पेठा वाढल्या. शासकीय दफ्तरात नोंदलेल्या गणिका व खाजगी धंदा करणाऱ्या स्त्रिया असा भेद या काळात स्पष्ट दिसतो. मिंग काळात नानजिंगची छिनह्वाय नदीकाठची वस्ती प्रसिद्धीस आली. ल्यू रूश (१६१८–६४) हिच्यासारख्या विदुषी तेथल्याच वर्तुळातल्या. या झगमगाटाखालचा वर्ग मात्र जन्माने बांधलेला होता. गायन-वादनाचा व्यवसाय करणारी कुटुंबे हलक्या दर्जाच्या वंशपरंपरागत नोंदवहीत असत. त्यांना परीक्षा देता येत नसे आणि सामान्य प्रजेशी विवाहही करता येत नसे. मिंग संहितेने गणिकेकडे रात्र घालवणाऱ्या अधिकाऱ्याला जाड बांबूचे ६० फटके सांगितले होते.

१७२३ चे फर्मान : छिंग सम्राट योंगजंग याने १७२३ मध्ये शान्शी व शेन्शी प्रांतांतील गायक-वादक कुटुंबांचा हलका दर्जा रद्द केला. याच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्या लेखनात ते दास्यमुक्तीचे पाऊल मानले जाते. छिंगकालीन खटल्यांची मूळ कागदपत्रे तपासणारे मॅथ्यू सॉमर यांच्या मते परिणाम वेगळाच झाला : ज्या वर्गाचा देहविक्रय दर्जामुळे खपवून घेतला जात होता, तो वर्गच कायद्याने नाहीसा झाला. सर्वांना सामान्य प्रजेची नीती लागू झाली आणि व्यवसाय तत्त्वतः सर्वत्र बेकायदेशीर ठरला. खटल्यांतील पुरावा या मताला पुष्टी देतो. बायकोच्या व्यभिचाराला संमती देणाऱ्या नवऱ्याला, तिला व परपुरुषाला प्रत्येकी ९० फटके, या कलमाखाली येणारी माणसे बहुतांशी दुष्काळाने किंवा आजारपणाने नाडलेली गरीब जोडपी होती. म्हणजे शिक्षा भुकेला झाली. मोठ्या शहरांतील घरे मात्र स्थानिक अधिकाऱ्यांच्या कृपेने चालू राहिली.

शांघाय : १८४३ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाल्यावर शांघायमध्ये परकीयांच्या ताब्यातील वसाहती वाढल्या आणि हा व्यवसाय तेथे एकवटला. सर्वांत वर अदबशीर गणिकागृहे, त्याखाली मध्यम दर्जाची घरे, मग अफूच्या खोल्या, रस्त्यावर गिऱ्हाईक ओढणाऱ्या स्त्रिया आणि तळाशी कुलींसाठीच्या झोपड्या, अशी ही उतरंड होती. स्त्री विकलेली, गहाण ठेवलेली की स्वतंत्र, यावर तिच्या हातात किती पैसा पडेल हे ठरे. गहाण पडलेल्या मुलीची मिळकत कर्जफेडीपर्यंत मालकिणीचीच असे. कपडे व औषधपाणी यांचा खर्च पुन्हा त्याच कर्जात मिळवला जाई आणि मुदत लांबत राही. आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या नगर परिषदेने १९२० मध्ये परवाने सक्तीचे केले व दरवर्षी सोडत काढून एक पंचमांश घरे बंद करण्याची योजना आखली. तिचे फळ इतकेच मिळाले, की पुष्कळ घरे शेजारच्या फ्रेंच वसाहतीत गेली आणि उरलेला धंदा परवान्याविना चालू लागला.

१९४९ नंतरची बंदी : २१ नोव्हेंबर १९४९ रोजी बीजिंगच्या लोकप्रतिनिधी परिषदेने कुंटणखाने बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच रात्री सुमारे २,४०० पोलीस व कार्यकर्त्यांनी २२४ घरांना टाळे ठोकले. सुमारे १,३०० स्त्रियांना पुनर्वसन संस्थेत नेण्यात आले. चारशेहून अधिक मालक व दलाल पकडले गेले. वैद्यकीय तपासणीत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना गुप्तरोग आढळले आणि पेनिसिलीनने उपचार झाले. लेखन-वाचन, शिवणकाम व विणकाम शिकवून त्यांना गावी पाठवणे, कारखान्यात लावणे किंवा विवाह जुळवणे, असा पुढचा क्रम होता. शांघायमध्ये एवढ्या स्त्रियांची सोय एकदम होणार नव्हती; म्हणून तेथे निर्बंध हळूहळू आवळत नेले आणि उरलेली घरे २५ नोव्हेंबर १९५१ रोजी बंद केली. तेथील संस्था १९५८ पर्यंत चालली व साडेसात हजारांच्या आसपास स्त्रिया तीतून गेल्या. गुप्तरोगविरोधी मोहिमेत अमेरिकेत जन्मलेले डॉक्टर जॉर्ज हातेम (चिनी नाव मा हायद) अग्रभागी होते. १९६४ मध्ये या रोगांचे जवळपास उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले. रोगांबाबत हा दावा बराचसा खरा मानला जातो. व्यवसाय मात्र पूर्ण नाहीसा झाला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मालकांची व दलालांची संघटित साखळी तुटली, हे या मोहिमेचे खरे यश होय. स्त्रियांना संस्था सोडून जाण्याची मुभा नव्हती, ही तिची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे.

पुनरुद्भव व थर : १९७८ नंतरच्या आर्थिक खुलीकरणाबरोबर व्यवसाय प्रथम दक्षिणेच्या किनारी शहरांत व नंतर देशभर पसरला. खेड्यातून शहरात आलेल्या स्त्रीला कुटुंब-नोंदणीच्या (नागरी सोयी मूळ गावाशी बांधणाऱ्या) पद्धतीमुळे शहराच्या शाळा, घरे व आरोग्यसेवा सहज मिळत नाहीत. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी कारखान्यांतून लक्षावधी कामगार कमी केले गेले. त्यांत स्त्रिया अधिक होत्या व त्यांची झळ ईशान्येकडील औद्योगिक शहरांना जास्त बसली. एकूण संख्येचे अंदाज १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जातात. इतकी तफावत असलेल्या आकड्यांवर कोणताही निष्कर्ष उभारू नये.

पोलीस या व्यवसायाचे सात थर मानतात : (१) ठेवलेली ‘दुसरी बायको’, (२) प्रवासात किंवा ठरावीक मुदतीसाठी सोबत करणारी, (३) कराओके, नृत्यगृहे व मद्यालयांत ‘सोबत’ देणारी, (४) हॉटेलच्या खोल्यांत फोन करून विचारणारी, (५) केशकर्तनालये, स्नानगृहे व पाय चोळण्याची दुकाने यांतील, (६) रस्त्यावरची, (७) बांधकामांवरील मजुरांच्या झोपड्यांत जाणारी. पहिले दोन थर कायद्याच्या व्याख्येत क्वचितच येतात. छाप्यांचा मार बसतो तो शेवटच्या तिघांना, कारण दुकान रस्त्यावर असते आणि त्यामागे वजनदार मालक नसतो. कराओकेतील स्त्रीवर ‘ममी’ नावाने ओळखली जाणारी व्यवस्थापिका देखरेख ठेवते व तिच्या मिळकतीतून हिस्सा घेते. केशकर्तनालयातील स्त्री दुकानदाराला ठरावीक वाटा देते. रस्त्यावरची स्त्री बहुधा स्वतंत्र असते, पण हिंसेपासून तिला कोणताच आडोसा नसतो. गेल्या दशकभरात मोबाइलवरील संदेश व ‘जवळपासची माणसे’ दाखवणाऱ्या सेवांमुळे दुकानाची गरज कमी झाली आणि एकटीने काम करण्याचे प्रमाण वाढले.

व्याख्या : सार्वजनिक सुव्यवस्थेच्या १९८६ च्या नियमावलीने (अंमल १९८७ पासून) विक्री व खरेदी दोन्हींवर कमाल १५ दिवस स्थानबद्धता व ५,००० युआनपर्यंत दंड ठेवला. ४ सप्टेंबर १९९१ च्या निर्णयाने बंदी कडक केली. शरीरसंबंध म्हणजे नेमके काय, हे मात्र कायद्याने सांगितले नाही आणि सगळा वाद तेथेच साचला. सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने २००१ मध्ये एका उत्तरात मुखमैथुन, हस्तमैथुन व गुदमैथुन यांचा, तसेच समलिंगी व्यवहारांचा व्याख्येत समावेश केला. २००३ च्या उत्तरात आणखी स्पष्टीकरण आले : व्यवहार ‘अनिश्चित’ व्यक्तींमधील असावा, किंमत ठरली किंवा पैसे दिले गेले, कृती सुरू झाली, पण बाहेरील कारणाने ती पुरी झाली नाही, तरी कारवाई होऊ शकते, मात्र शिक्षा सौम्य द्यावी, संबंध झाला व पैसे देणे बाकी राहिले, तरीही तो व्यवहारच. ‘अनिश्चित’ या अटीमुळे एकाच पुरुषाने पोसलेली स्त्री व्याख्येबाहेर राहते.

मंत्रालयाची उत्तरे पोलिसी कारवाईपुरती आहेत. फौजदारी न्यायालयांवर ती बंधनकारक नाहीत. त्यामुळे २००४ मध्ये नानजिंगमध्ये पुरुषांकरवी पुरुषांसाठी धंदा चालवणाऱ्या मालकाला शिक्षा झाली, तेव्हा कायद्यात तसा आधार आहे का यावर मोठी चर्चा झाली. उलट ग्वांगदोंगच्या फोशान शहरात हस्तमैथुनाची सेवा देणाऱ्या केशकर्तनालयाच्या चालकांविरुद्धचे प्रकरण, ही कृती फौजदारी अर्थाने वेश्याव्यवसाय नाही म्हणून टिकले नाही. म्हणजे ज्या कृतीसाठी स्त्रीला पंधरा दिवस कोठडी मिळते, ती करवून घेणारा मालक सुटू शकतो. ही विसंगती आजही पुरती दूर झालेली नाही.

शिक्षा व कारवाईची पद्धत : २००५ च्या सार्वजनिक सुव्यवस्था शिक्षा कायद्यानुसार (अंमल १ मार्च २००६) कलम ६६ खाली विकणाऱ्याला व गिऱ्हाइकाला १० ते १५ दिवस स्थानबद्धता आणि सोबत ५,००० युआनपर्यंत दंड होऊ शकत होता, प्रकार किरकोळ असेल, तर ५ दिवसांपर्यंत स्थानबद्धता किंवा ५०० युआनपर्यंत दंड. चौकशी ८ तासांत संपवायची असते. स्थानबद्धतेची शक्यता असल्यास २४ तासांपर्यंत. स्त्रीची अंगझडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यावी लागते. २,००० युआन किंवा त्याहून अधिक दंड होणार असेल, तर सुनावणी मागता येत असे. स्थानबद्धतेसाठी मात्र तो हक्क या कायद्यात नव्हता. निर्णयाला आव्हान दिल्यास दिवसाला २०० युआनप्रमाणे अनामत भरून स्थानबद्धता थांबवण्याची विनंती करता येते. ती मान्य करणे न करणे पुन्हा पोलिसांच्याच हाती असते. सहा महिन्यांत उघडकीस न आलेल्या कृतीवर कारवाई होत नाही. कायद्याची सुधारित आवृत्ती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. तीत मूळ चौकट तीच आहे, मात्र अशा कारवायांची नोंद मोहोरबंद ठेवण्याची तरतूद आली. नोकरीसाठी ‘निष्कलंक दाखला’ मागितला जातो, हे पाहता ही तरतूद महत्त्वाची आहे.

पुरावा मुख्यतः दोघांच्या जबाबांचा असतो. शिवाय मोबाइलवरील पैशांची देवघेव, संभाषणे आणि खोलीत सापडलेले निरोध जोडले जातात. दोघांना वेगळे बसवून किंमत, वेळ व खोली यांविषयी एकसारखे जबाब मिळवणे हाच तपास. कबुली मिळाली की प्रकरण मिटते. म्हणून दमदाटी व मारहाण येथेच होते. स्थानिक ठाण्यांसाठी दंड हे उत्पन्नाचे साधन बनले, ही टीका चिनी कायदेतज्ज्ञांनीही केली आहे. लुटली किंवा बलात्कारित झालेली स्त्री तक्रार करू धजत नाही, कारण तक्रारीच्या पहिल्याच वाक्यात तिला स्वतःची ‘कसूर’ सांगावी लागते.

फौजदारी संहितेच्या (१९९७) कलम ३५८ नुसार धंदा संघटित करणे किंवा कोणावर तो लादणे यांस ५ ते १० वर्षे, गंभीर प्रकारात १० वर्षांहून अधिक वा जन्मठेप आहे. पूर्वीची देहान्ताची शिक्षा २०१५ च्या नवव्या दुरुस्तीने काढली. कलम ३५९ खाली फूस लावणे, आसरा देणे व दलाली यांना ५ वर्षांपर्यंत कैद आहे. २०१७ च्या न्यायिक अर्थनिर्णयाने उंबरठे ठरवले : तीन किंवा अधिक जणांवर नियंत्रण असेल, तर ‘संघटन’, दहा जण किंवा दहा लाख युआनची कमाई असेल, तर ‘गंभीर’, आसरा व दलालीसाठी दोन जण पुरेसे. आपल्याला उपदंश किंवा परमा असल्याचे माहीत असून व्यवसाय करणे वा गिऱ्हाईक होणे हा कलम ३६० खाली गुन्हा आहे. याच कलमात १४ वर्षांखालील मुलीशी पैसे देऊन केलेला संबंध हा वेगळा गुन्हा होता. त्या नावामुळे पीडित मुलीवर वेश्येचा शिक्का बसे. जनक्षोभानंतर तो २०१५ मध्ये रद्द झाला आणि अशी कृती आता सरळ बलात्कार मानली जाते.

‘ताब्यात घेऊन शिक्षण’ : १९९३ च्या नियमांनुसार पोलीस विकणाऱ्यांना व गिऱ्हाइकांना न्यायालयाविना सहा महिने ते दोन वर्षे डांबून ठेवू शकत. १४ वर्षांखालील मुली, गरोदर स्त्रिया, वर्षाच्या आतील बाळाला अंगावर पाजणाऱ्या माता आणि फसवून वा जबरदस्तीने धंद्यात आणलेल्या स्त्रिया यांना वगळले होते. नावात शिक्षण असले, तरी दिवसाचा मुख्य भाग बिनपगारी किंवा नाममात्र मोबदल्याच्या कामात जाई. जेवणखाण, तपासणी व औषधांचा खर्च बंदिवासातील स्त्रीने किंवा तिच्या घरच्यांनी द्यायचा असे. श्रमाद्वारे पुनर्शिक्षणाची (न्यायालयाविना सक्तीच्या श्रमाला पाठवण्याची) पद्धत २०१३ च्या अखेरीस संपली, तरी ही टिकून राहिली. २०१४ मध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याला पंधरा दिवसांच्या कोठडीनंतर सहा महिने तीत ठेवले गेले, तेव्हा तिच्यावर देशभर चर्चा झाली. शासनाला सल्ला देणाऱ्या राजकीय सल्लागार परिषदेतील वकील सभासदांनी वारंवार प्रस्ताव मांडले आणि अखेर डिसेंबर २०१९ मध्ये ती रद्द होऊन आत असलेल्या सर्वांना सोडण्यात आले.

आरोग्य : १ मार्च २००६ या एकाच दिवशी तीन नियम अमलात आले. एक, वरील शिक्षा कायदा. दुसरा, एड्स प्रतिबंधाचे नियम. त्यांनी ठरावीक सार्वजनिक ठिकाणी निरोध ठेवणे बंधनकारक केले. तिसरा, करमणूकगृहांचे नियम : खाजगी खोल्यांना पारदर्शक दारे-खिडक्या, आतून कडी नाही, चित्रीकरण ३० दिवस जपायचे, पहाटे २ ते सकाळी ८ बंद. आरोग्य विभाग हॉटेलात निरोध ठेवायला सांगतो आणि पोलीस तोच निरोध पुरावा म्हणून उचलतात, हा विरोध कागदावर मिटवण्याचे प्रयत्न झाले. पण भीतीने स्त्रिया निरोध जवळ बाळगत नाहीत, हे क्षेत्रीय पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसते. वूहानच्या ह्वांगफी व ज्यांगसूच्या जिंगज्यांग येथे २००० साली शंभर टक्के निरोध वापराचे प्रयोग सुरू झाले. एचआयव्हीचे प्रमाण स्त्रियांत देशपातळीवर एक टक्क्याहून कमी राहिले आहे. उपदंश मात्र नव्वदीनंतर झपाट्याने परतला. मोठा छापा पडला, की स्त्रिया दुसऱ्या शहरात निघून जातात आणि तपासणीचा धागा तुटतो.

मोहिमा व मतप्रवाह : अश्लीलता व वेश्याव्यवसायाविरुद्धच्या मोहिमा ठरावीक काळाने येतात. शेन्झेनमध्ये नोव्हेंबर २००६ मध्ये सुमारे शंभर जणांची रस्त्यातून धिंड काढून नावे वाचली गेली. लोकांनी याचा निषेध केला आणि २०१० मध्ये सुरक्षा मंत्रालयाने धिंडीला मनाई केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरील वृत्तानंतर दोंगग्वानमध्ये सहा हजारांवर पोलिसांनी छापे घातले; हॉटेलांवर व सेवाक्षेत्रावर आधारलेले त्या शहराचे अर्थकारण हादरले. समाजशास्त्रज्ञ ली यिनह व फान स्वेमिंग यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने दीर्घकाळ मांडणी केली आहे. अखिल चीन महिला महासंघ बंदीच्या बाजूने आहे. पुरुष विक्रेत्यांविषयीची माहिती बहुतांशी एचआयव्हीच्या पाहण्यांपुरतीच मर्यादित आहे.

हाँगकाँग, मकाव, तैवान : हाँगकाँगमध्ये देहविक्रय बेकायदेशीर नाही, दोन किंवा अधिक जणांनी वापरलेली जागा मात्र कायद्याने कुंटणखाना ठरते. त्यामुळे एका घरात एकच स्त्री ही पद्धत रूढ झाली. ती कायदेशीर असली, तरी एकटेपणामुळे लूट व खुनाचा धोका वाढतो. तेथे १९९६ पासून ‘झितेंग’ ही संस्था या स्त्रियांसाठी काम करते. मकावमध्येही विक्री गुन्हा नाही, दलाली आहे.

तैवानची राजधानी तैपेईच्या महापौरांनी १९९७ मध्ये १२८ परवानाधारक स्त्रियांचे परवाने रद्द केले. या स्त्रियांनी तोंडावर पडदे घेऊन आंदोलन केले व दोन वर्षांची मुदतवाढ मिळवली, ती मार्च २००१ मध्ये संपली. केवळ विकणाऱ्याला शिक्षा करणारे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा निर्णय न्यायिक युआनने (तैवानच्या सर्वोच्च न्यायसंस्थेने) ६ नोव्हेंबर २००९ रोजी दिला. त्यावर २०११ मध्ये दुरुस्ती झाली : स्थानिक शासनाने आखलेल्या क्षेत्रात व्यवसायाला मुभा, बाहेर विकणारा व घेणारा दोघांनाही ३०,००० तैवानी डॉलरपर्यंत दंड. एकाही स्थानिक शासनाने असे क्षेत्र आखलेले नाही. त्यामुळे समानता आली ती दंडापुरती आणि रस्त्यावरच्या स्त्रीला काम करण्यासाठी कायदेशीर जागा मिळालेली नाही.